हॉर्सलिप्सचा 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' (१९७६) : सलग ऐकण्याचा अल्बम

पाणकळा

इथल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या धाग्यांवर येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड यांच्याबद्दल भरभरून लिहून झालं आहे. आयर्लंडचा विषय निघाला की मात्र चर्चा यू-टू नाहीतर एन्यापाशी येऊन थांबते. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. 'हॉर्सलिप्स' या डब्लिनच्या बँडचा 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' हा १९७६ सालचा अल्बम. उपशीर्षक 'अ केल्टिक सिंफनी'. आयरिश लोकसंगीत आणि रॉक यांची इतकी घट्ट वीण मी तरी दुसरीकडे फार कमी वेळा ऐकली आहे.

आधी माणसं. बॅरी डेव्हलिन बास आणि गायन, जॉनी फीन गिटार, बँजो आणि गायन, जिम लॉकहार्ट कीबोर्ड, बासरी, टिन व्हिसल आणि पाइप्स, चार्ल्स ओ'कॉनर फिडल, मँडोलिन आणि कॉन्सर्टिना (दोन हातांत धरून दाबायची छोटी भात्याची पेटी), एमन कार ड्रम्स आणि बौरान (हातात धरायचा आयरिश ढोल). यातले तिघं डब्लिनच्या एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. एका बिअरच्या जाहिरातीत बँड दाखवायचा होता, म्हणून हे बँड म्हणून उभे राहिले. वाद्यं हातात घेतल्यावर ती खाली ठेवावीशी वाटली नाहीत आणि १९७२ च्या सेंट पॅट्रिक दिनापासून तोच पूर्णवेळ व्यवसाय झाला. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या मागे न लागता त्यांनी 'ओट्स' हे स्वतःचं लेबल काढलं. पहिल्या अल्बमचं वेष्टनही कॉन्सर्टिनाच्या अष्टकोनी आकाराचं होतं. जाहिरातीतली माणसं असल्याने दिसणं, मांडणी, गोष्ट सांगणं यांचं भान त्यांना पहिल्यापासून होतं आणि ते या अल्बममध्ये जागोजाग जाणवतं.

आता अल्बमकडे. 'लेबोर गबाला एरेन' नावाचा अकराव्या-बाराव्या शतकात आकाराला आलेला एक आयरिश ग्रंथ आहे. आयर्लंडवर एकामागून एक कोण कोण चालून आलं, कोण स्थिरावलं, कोण हरलं, याची त्यात पुराणकथेच्या अंगाने मांडणी आहे. त्यातले 'तुआहा डे डानन', म्हणजे दानू देवीचे लोक, हे या अल्बमचे नायक. जादू, कला आणि शस्त्रं यांत पारंगत असलेले हे लोक आयर्लंडवर राज्य करतात आणि शेवटी त्यांच्यानंतर चालून आलेल्या मिलेशियन लोकांपुढे हरून जमिनीखाली, टेकड्यांच्या पोटात निघून जातात. आजच्या आयरिश लोककथांतले 'शी', म्हणजे टेकड्यांमधले अद्भुत लोक, ते हेच.

अल्बममध्ये १४ तुकडे आहेत आणि ते तीन भागांत लावले आहेत : ग्यान्त्री, गोल्त्री आणि सुआन्त्री. जुन्या आयरिश परंपरेत संगीताचे हे तीन प्रकार मानले आहेत. आनंदाचं, शोकाचं आणि झोपेचं. पहिला भाग सगळ्यात मोठा. 'डेब्रेक'पासून सुरू होतो, मग 'मार्च इन्टू ट्रबल', 'ट्रबल (विथ अ कॅपिटल टी)', 'द पॉवर अँड द ग्लोरी', 'द रॉक्स रिमेन', 'डस्क', 'सोर्ड ऑफ लाइट' आणि 'डार्क'. पहाट, सांज, काळोख. एवढ्या मोठ्या कथेला त्यांनी एका दिवसाची चौकट दिली आहे.

मला ज्या गोष्टीसाठी हा धागा काढावासा वाटला ती ही. बरेच लोकरॉक बँड आधी रॉकचं गाणं करतात आणि मग चवीपुरतं फिडल नाहीतर बासरी टाकतात. इथे उलटं आहे. आधी जुनी धून घ्यायची, तिचे तुकडे करायचे, एका तुकड्यातून गिटारचं रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा स्वरतुकडा, काढायचं, दुसऱ्यातून गायनाची चाल, तिसऱ्यातून मधला वाद्यमेळ. 'ट्रबल' ऐका. मुळात ती 'ब्रायन बोरूज मार्च' ही पिढ्यान्‌पिढ्या हार्पवर आणि पाइप्सवर वाजत आलेली धून. १०१४ सालच्या क्लोन्टार्फच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजाच्या नावाने ती ओळखली जाते. हॉर्सलिप्सनी ती बासरी आणि इलेक्ट्रिक गिटारवर घेतली आणि त्यावर संकटाची चाहूल देणारं गाणं उभं केलं. ज्याला मूळ धून माहीत नाही त्याला ते खणखणीत रॉक गाणं वाटेल, ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येईल.

कृपया गाणी सुटी सुटी ऐकू नका. चाळीसेक मिनिटं काढा आणि सलग ऐका. मग इथे लिहा.

रानजाई

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद! यातलं एकही नाव माहीत नव्हतं. काल रात्री सलग ऐकला. 'सोर्ड ऑफ लाइट' परत परत लावलं. मधेच तंतुवाद्यं आणि बासरी एकदम वेग घेतात आणि गिटार त्यांच्यामागे धावत सुटते, ते फार आवडलं.

एक विचारायचं होतं. आयरिश पाइप्स म्हणजे स्कॉटलंडच्या बँडमध्ये असतात त्याच का? त्या बॅगपाइपचा आवाज तर फार मोठा असतो, गाण्यात तो कसा सामावतो?

पाणकळा

@रानजाई, दोन्ही वेगळी वाद्यं. स्कॉटिश हायलंड पाइप्स तोंडाने फुंकतात, त्यात नऊच स्वर आणि आवाज मैदानावर घुमेल एवढा. आयरिश इलन पाइप्समध्ये हवा कोपराखालच्या भात्याने भरतात, वादक बसून वाजवतो, तोंड मोकळं. स्वरांची व्याप्ती दोन सप्तकांची. 'चँटर' या भोकांच्या नळीवर मुख्य धून, शेजारी सतत वाजणारे ड्रोन, आणि मनगटाने दाबायचे 'रेग्युलेटर', ज्यांतून साथीचे स्वर काढता येतात. म्हणजे एकच वादक धून, आधारस्वर आणि स्वरमेळ तिन्ही सांभाळतो. आवाज मऊ, थोडा नाकातला, खोलीत बसून ऐकण्याजोगा. म्हणून ते गिटार-कीबोर्डच्या शेजारी सहज बसतं. या बँडचा भर मात्र पाइप्सपेक्षा फिडल, बासरी आणि कॉन्सर्टिनावर जास्त आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

तिरकिट

मी तबलावाला, म्हणून ठेक्याबद्दलच लिहितो. आयरिश जिग ही नाचाची धून ६/८ मध्ये असते, सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. आपल्या कानाला लगेच दादरा वाटतो. पण वजन वेगळं आहे. दादऱ्यात पहिल्या तीन मात्रांवर टाळी आणि पुढच्या तिनांवर खाली, त्यामुळे ठेका एकदा भरतो आणि एकदा रिकामा होतो. जिगमध्ये खाली नाही. दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्या जोराचे, आणि चाल सतत पुढे ढकलत नेते. कारण उघड आहे, ते नाचासाठीचं संगीत आहे, पाऊल जमिनीवर पडायला हवं. रील हा दुसरा नाचप्रकार मात्र चारच्या हिशेबात, आणि स्लिप जिग ९/८, तीन-तीन-तीन. नऊ मात्रांचं ते डोलणं ऐकायची सवय झाली की सुटत नाही.

बौरान हे बकऱ्याच्या कातड्याचं, एका बाजूने उघडं चौकटवाद्य. दोन्ही टोकांनी आघात करता येतील अशा छोट्या काठीने वाजवतात आणि दुसरा हात आतून कातड्यावर दाबत स्वर वर-खाली करतात. आतल्या हाताचं ते काम मला बायाँच्या घिश्शाच्या, म्हणजे तळवा दाबत स्वर सरकवण्याच्या, अगदी जवळचं वाटतं. आयरिश मैफलीत या वाद्याला मानाचं स्थान मिळालं ते संगीतकार शॉन ओ रिआडा यांच्यामुळे. एमन कार दोन्ही वाजवतो, ड्रम सेटही आणि बौरानही, आणि ड्रमवर असतानाही त्याच्या हातात नाचाची लय असते. नुसते जोरदार ठोके देणारा रॉक ड्रमर इथे चालला नसता.

मंद्रसप्तक

अल्बम चांगला आहे, यात वाद नाही. पण 'सिंफनी' हा शब्द मला खटकतो आणि धाग्यात कुणीतरी ते म्हणायला हवं.

सिंफनीत स्वरकल्पना वाढत जाते. छोटं बीज मांडायचं, ते वेगवेगळ्या पट्ट्यांत न्यायचं, मोडायचं, जुळवायचं, आणि शेवटी ते दुसऱ्याच रूपात परत येतं. इथे तीन-चार मिनिटांची गाणी आहेत, मधे जोडणारे छोटे तुकडे आहेत. ही झाली सूट, गीतमाला. सुंदर गीतमाला, पण सिंफनी नाही. ऑर्केस्ट्राही नाही.

आयरिश धुनांना सिंफनीच्या आवाक्यात कुणी नेलं असेल तर ते शॉन ओ रिआडा यांनी. 'मीशा एरा' या १९५९ च्या माहितीपटाला त्यांचं संगीत आहे. त्यात 'रोशीन दुव' ही जुनी धून हॉर्नवर येते आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा ती उचलतो. आयर्लंडमध्ये त्या संगीताचा परिणाम प्रचंड झाला, कारण घरातली, खेड्यातली चाल अशा भव्य रूपात लोकांनी कधी ऐकलीच नव्हती.

आणि रॉकच्या बाजूने यायचं तर माइक ओल्डफील्डचा 'ओमाडॉन', १९७५. दोन सलग भाग, रेकॉर्डच्या एका बाजूला एक. एकच धून घेऊन माणूस वीस मिनिटं चढत जातो, आफ्रिकन ढोल येतात, आणि दुसऱ्या भागात पॅडी मोलोनींचे इलन पाइप्स. त्याच वर्षी ओल्डफील्डची आई गेली होती, ती आयरिश होती. टेपच खराब झाल्यामुळे बरंचसं काम त्याला पहिल्यापासून परत करावं लागलं. तो अल्बम ऐकताना एक अखंड रचना ऐकल्यासारखं वाटतं. 'बुक ऑफ इन्व्हेजन्स'मध्ये मला गाण्यांमधले सांधे ऐकू येतात.

पाणकळा

@मंद्रसप्तक, रचनेच्या व्याख्येवर तुमच्याशी भांडणार नाही. सूटच आहे. पण 'सिंफनी' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे जर्मन सिंफनी नव्हती असं मला वाटतं. एकाच रात्री, एकाच हार्पवर तीन वेगळ्या भावावस्था उभ्या करायच्या, हा आयरिश पुराणातला आराखडा त्यांनी घेतला. त्या आराखड्याने अल्बम बांधलेला आहे, स्वरबीजाच्या वाढीने नाही. तुम्ही एका परंपरेच्या मापाने दुसरी मोजताय.

आणि ओ रिआडांचं नाव काढलंत ते फार बरं झालं, कारण धागा तिथेच जुळतो. पॅडी मोलोनी ओ रिआडांच्या 'क्योल्तोरी खूलन' या वाद्यवृंदात होते, तिथून 'चीफटन्स' हा लोकसंगीताचा बँड निघाला, आणि तेच मोलोनी 'ओमाडॉन'मध्ये वाजवतात. हॉर्सलिप्सची पिढीही ओ रिआडा ऐकतच मोठी झाली. लोकसंगीत म्हणजे संग्रहालयात ठेवायची वस्तू नाही, त्याच्याकडे रचनाकार म्हणून बघायचं, हे त्यांनी शिकवलं. एकाने ते ऑर्केस्ट्रातून केलं, दुसऱ्यांनी अँप्लिफायरमधून.

(ऑर्केस्ट्राचंच म्हणाल तर २०११ मध्ये बेलफास्टला हॉर्सलिप्सनी अल्स्टर ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला, त्याचं ध्वनिमुद्रण निघालेलं आहे. ते ऐकून तुमचं मत जरूर सांगा.)

डब्लिनकर

नोकरीमुळे इथे राहतो, म्हणून कथेच्या अंगाने थोडी भर घालतो. या तीन प्रकारच्या संगीताची गोष्ट 'लेबोर गबाला'त शोधू नका. ती 'काह म्हाय तुरा', म्हणजे मोयतुराच्या लढाईच्या कथेत आहे.

तुआहा डे डाननचा राजा नुआदा. आधीच्या लढाईत त्याचा हात तुटतो आणि व्यंग असलेला माणूस राजा राहू शकत नाही असा दंडक, म्हणून राज्य जातं. त्याला चांदीचा हात करून देतात, वगैरे मोठी कथा आहे. 'सोर्ड ऑफ लाइट'शी जोडतात ती त्याचीच तलवार, या लोकांच्या चार अद्भुत वस्तूंपैकी एक. बाकीच्या तीन म्हणजे याच लोकांतल्या लूचा भाला, दाग्दाची कधीही रिकामी न होणारी कढई आणि खरा राजा आला की ओरडणारा दगड. तो दगड म्हणून दाखवतात तो आजही 'तारा' नावाच्या टेकडीवर उभा आहे, जाऊन हात लावता येतो.

पुढे फोमोरी नावाच्या शत्रूंशी दुसरी मोठी लढाई होते. फोमोरी हरतात, पण पळताना दाग्दाची हार्प घेऊन जातात. लू, दाग्दा आणि ओग्मा त्यांचा माग काढत जातात. शत्रू मेजवानीला बसलेले, हार्प भिंतीवर टांगलेली. त्या हार्पमध्ये दाग्दाने सगळं संगीत बांधून ठेवलेलं असतं, त्याने हाक मारल्याशिवाय ती वाजत नाही. तो हाक मारतो. हार्प भिंतीवरून झेप घेते, वाटेतले नऊ जण मरतात आणि ती त्याच्या हातात येते. मग तो तीन गोष्टी वाजवतो. आधी गोल्त्री, तेव्हा बायका रडू लागतात. मग ग्यान्त्री, तेव्हा बायका आणि मुलं हसू लागतात. मग सुआन्त्री, आणि सगळं सैन्य झोपी जातं. तिघं तिथून सुखरूप निघतात.

आता क्रम बघा. कथेत शोक पहिला, आनंद दुसरा, झोप तिसरी. अल्बममध्ये आनंद पहिला, शोक दुसरा. हा बदल मला फार विचार करून केलेला वाटतो. कथेत दाग्दा जिंकून आलेला आहे, तो शत्रूला आधी रडवतो. अल्बम त्या लोकांच्या अख्ख्या आयुष्याची गोष्ट सांगतो, आगमन, राज्य आणि अस्त. मग सुरुवात वैभवापासूनच हवी. पण वैभवाच्या भागातही 'ट्रबल' आहे, संकट आधीच दारात आहे, आणि तो भाग 'डार्क' या तुकड्याने संपतो. आनंदाच्या संगीताचा शेवट काळोखात.

'लेबोर गबाला'चं एक जुनं हस्तलिखित, 'बुक ऑफ लेन्स्टर', बाराव्या शतकातलं, ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आणि दाग्दाचं घर म्हणून जे सांगतात ते न्यूग्रेंज इथून तासाभराच्या अंतरावर. पाच हजार वर्षांपूर्वीची ती दगडी वास्तू. डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवसांत, उगवत्या सूर्याची तिरीप दरवाजावरच्या फटीतून आत शिरते आणि सुमारे १७ मिनिटं आतल्या दालनात असते. मी तिथे आत उभा राहिलोय, उन्हाळ्यात. ते किरण दिव्याने दाखवतात. तेवढ्यानेही 'डेब्रेक' हे नाव पहिल्या तुकड्याला का, हे मला पटलं.

रानजाई

@डब्लिनकर, हे वाचून परत ऐकला, वेगळाच ऐकू आला.

पण मग मला प्रश्न पडलाय. तिसरा भाग झोपेच्या संगीताचा. 'साइडवेज टू द सन' अगदी शांत, तिथे पटतं. मग शेवटी 'राइड टू हेल'? ते तर पूर्ण अल्बममधलं सगळ्यात जड गाणं आहे. अंगाईच्या भागात ते काय करतंय?

डब्लिनकर

सुआन्त्रीला 'अंगाई' म्हटलं की पाळणा डोळ्यांपुढे येतो, तिथे घोटाळा होतो. वरच्या कथेत ती कुणाच्या सुखासाठी वाजवलेली नाही. शत्रूच्या छावणीतून जिवंत बाहेर पडण्यासाठी वाजवलेली आहे. झोप हे तिथे शस्त्र आहे.

'साइडवेज टू द सन' हे नाव लोककथेतून आलेलं. मिलेशियन लोकांशी हरल्यावर जमिनीची वाटणी होते, वरची जमीन जिंकणाऱ्यांना आणि खालची तुआहा डे डाननना. ते सूर्याला कड करून उभे राहतात आणि दिसेनासे होतात. कागद कडेने धरला की दिसत नाही, तसे. मग त्यांच्यासाठी हा मृत्यू की सुटका? 'साइडवेज' ही जाणाऱ्यांची बाजू वाटते मला, शांतपणे निघून जाणाऱ्यांची.

पाणकळा

आणि 'राइड टू हेल' ही मागे उरलेल्या जगाची. मला तो शेवट फार धाडसी वाटतो. १९७६ च्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये शेवट म्हणजे सगळे स्वर एकवटून भव्य उंची, सोनेरी सूर्योदय, अशी रीतच पडली होती. इथे देव शांतपणे अदृश्य होतात आणि त्यानंतर जे येतं ते खरखरीत, घोड्यावरून खाली दौडत गेल्यासारखं गाणं. मधला 'ड्राइव्ह द कोल्ड विंटर अवे' हा मिनिटभराच्या आतला तुकडाही निसटू देऊ नका. ती मुळात जुनी इंग्रजी धून, ज्या नावाचा हिवाळी गाण्यांचा पूर्ण अकूस्टिक अल्बम त्यांनी आदल्याच वर्षी काढला होता. वीजवाद्यांच्या एवढ्या गदारोळात तो तुकडा कानाला विसावा देतो, आणि लगेच पुढचं गाणं तो हिरावून घेतं.

खडीसाखर

सगळे कौतुक करताहेत, पण एक नावडलेली गोष्ट लिहिते. 'वॉर्म स्वीट ब्रेथ ऑफ लव्ह'. शोकाच्या भागाची सुरुवात, आणि गाणं इतकं गोड, रेडिओसाठी केल्यासारखं? मला तिथे तंद्री तुटते. शिवाय गायन. वाद्यांच्या तोडीचा एखादा मोठा गळा या बँडमध्ये असता तर हा अल्बम जगभर माहीत झाला असता. फीन आणि डेव्हलिन दोघंही नेटकं गातात, पण गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात जी जरब लागते ती मला मिळत नाही.

मंद्रसप्तक

@खडीसाखर, गायनाबद्दल सहमत. पण त्याच्यापुढचा तुकडा ऐकलात का नीट? 'फँटेशिया (माय लॅगन लव्ह)'. परवापासून तोच डोक्यात आहे.

ही अल्स्टरची, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातली धून. हर्बर्ट ह्यूजने डोनेगल भागात ऐकून टिपली, जोसेफ कॅम्बेलने तिला शब्द दिले, आणि १९०४ च्या 'साँग्ज ऑफ उला' या संग्रहात ती छापली गेली. आयरिश गायक ती तालाशिवाय गातात. 'शॅन-नोस' म्हणजे जुन्या ढंगाची गायकी, एकट्याने, साथीविना. प्रत्येक स्वरावर थांबायचं किती, कुठे हरकत घ्यायची, कुठे श्वास सोडायचा, हे गाणाऱ्यावर. छापील पुस्तकात मात्रा मोजून लिहिलेली ती चाल आणि गायकाच्या तोंडची चाल यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

फीनने काय केलं? ती धून इलेक्ट्रिक गिटारवर घेतली, लांब टिकणाऱ्या स्वरात. गिटारची तार ओढून स्वर वर नेण्याची जी रॉकची पद्धत आहे, ती त्याने शॅन-नोस गायकाच्या हरकतीसारखी वापरली. जिथे गायक स्वराला हलकेच खालून स्पर्श करून वर येतो, तिथे तो तार ओढतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल, स्वर सरळ न लावता त्याच्यापर्यंत पोचण्याचा प्रवास ऐकवणं. ब्ल्यूज वाजवणारे हात आणि आयरिश कान, असं दोन्ही त्या एका माणसात होतं.

सिंफनी या शब्दावर माझं मत तेच आहे. 'ओमाडॉन'ही माझ्यासाठी वरच राहील. पण शोकाच्या भागाला न्याय देणारा तुकडा हाच आहे.

तिरकिट

@मंद्रसप्तक, फीनबद्दल लिहिलंत म्हणून. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते गेले. मोठ्या गिटारवादकांच्या याद्यांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं याचं मला वाईट वाटतं. बँजो आणि मँडोलिनवर रील-जिग वाजवून बोटं तयार झालेला माणूस गिटारवर आला की स्वरांची निवडच बदलते.

आडवाटेचा

एक बाजू अजून आलेली नाही. हे लोक वाजवत कुठे होते?

साठच्या दशकात आयर्लंडच्या गावोगावी मोठाले डान्सहॉल होते आणि तिथे 'शोबँड' वाजवायचे, सूट घालून, अमेरिकन-इंग्रजी लोकप्रिय गाण्यांच्या नकला. हॉर्सलिप्स त्याच हॉलमध्ये गेले, पण स्वतःची गाणी घेऊन आणि आपल्याच मुलखाच्या धुना घेऊन. खेड्यातल्या पोराला पहिल्यांदा कळलं की आजोबा स्वयंपाकघरात जे फिडलवर वाजवतात त्यावर उड्या मारता येतात. ज्यांना ती लाज वाटायची गोष्ट वाटत होती त्यांना ती अभिमानाची वाटू लागली. लोकसंगीतातले काही जाणते लोक नाराज झाले, परंपरेची मोडतोड म्हणून. आज त्याच बँडची नावं परंपरेच्या इतिहासात घेतली जातात.

आणि हा काळ उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराचा. १९७५ च्या ३१ जुलैला मायामी शोबँडच्या तीन कलाकारांना कार्यक्रमाहून परतताना रस्त्यात अडवून मारलं. त्यानंतर दक्षिणेतले अनेक बँड सीमेपलीकडे जायला कचरत. हॉर्सलिप्स जात राहिले. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, दोन्हीकडची मुलं एकाच हॉलमध्ये त्यांच्यापुढे नाचायची. अशा वेळी 'आयर्लंडवर कोण कोण चालून आलं' या विषयावर अल्बम काढणं म्हणजे केवढी नाजूक गोष्ट होती! मला वाटतं, म्हणूनच ते इतकं मागे, सगळ्यांच्या आधीच्या काळात गेले. तिथे कुणाचाही धर्म नाही. तिथे आज जिंकणारा कालचा उपरा आहे आणि उद्याचा हरणारा.

बँड थांबला त्या आधीचा त्यांचा शेवटचा कार्यक्रमही बेलफास्टलाच झाला, अल्स्टर हॉलमध्ये, १२ ऑक्टोबर १९८० ला.

डब्लिनकर

@आडवाटेचा, अगदी. इथे पन्नाशी-साठीतले सहकारी आहेत, त्यांच्यापुढे हॉर्सलिप्सचं नाव काढलं की आधी गाणं सांगत नाहीत, हॉलचं नाव सांगतात. कुठल्या गावात, कुणाबरोबर गेलो होतो ते.

पाणकळा

@खडीसाखर, 'वॉर्म स्वीट ब्रेथ'बद्दल माझं मत वेगळं आहे. शोकाआधी काय हरवणार आहे ते दाखवावं लागतं. त्या गाण्यातली गोडी नसती तर पुढच्या 'फँटेशिया'ला टेकायला जागा उरली नसती. आणि त्यानंतरचं 'किंग ऑफ मॉर्निंग, क्वीन ऑफ डे' या दोघांच्या मधोमध उभं आहे, लय नाचरी आणि शब्द निरोपाचे. ही तीन गाणी एका दमात ऐका.

@आडवाटेचा, तुमच्या प्रतिसादाने धागा पूर्ण झाला. इंग्लंडमध्येही हा अल्बम पहिल्या चाळिसात, ३९ व्या क्रमांकावर पोचला होता. पंक रॉकने प्रोग्रेसिव्हवाल्यांना हाकलायला सुरुवात केली तेच ते दिवस, हे लक्षात घेतलं तर ते कमी नाही.

रानजाई

आता पुढे काय ऐकू? याच बँडचं आणि याच वळणाचं दुसऱ्या कुणाचं.

पाणकळा

याच बँडचा 'द टॉइन', १९७३. आयरिश महाकाव्य 'टॉइन बो कूलन्या'वर बेतलेला. मेव राणी एका तपकिरी बैलासाठी अल्स्टरवर सैन्य घेऊन जाते आणि अल्स्टरचा वीर कू खुलिन एकटा तिला अडवतो. 'बुक ऑफ इन्व्हेजन्स'पेक्षा तो अधिक ओबडधोबड आहे, पण ताकद विलक्षण. मग 'एलियन्स', १९७७, तो अमेरिकेला गेलेल्या आयरिश स्थलांतरितांवर. बँडला स्वतःच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क १९९९ मध्ये परत मिळाले, त्यानंतर निघालेल्या आवृत्त्या घ्या, आवाज स्वच्छ आहे.

दुसऱ्यांचं म्हणाल तर ब्रिटिश बँड 'आयोना'चा 'द बुक ऑफ केल्स', १९९२. इथे कीबोर्डचे विस्तीर्ण पट्टे आणि जोअ‍ॅन हॉगचा आवाज. @खडीसाखर, तुम्हाला हवा तो गळा तिथे मिळेल. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा हार्पवादक अ‍ॅलन स्टिव्हेल, त्याचा 'सिंफनी सेल्टिक'. त्याच्या वडिलांनी विस्मरणात गेलेली ब्रेटन हार्प स्वतः घडवली आणि मुलाच्या हातात दिली. आणि मंद्रसप्तकांनी सांगितलेला 'ओमाडॉन' तर हवाच.

रानजाई

'द टॉइन' सुरू केलाय. 'डियरग डूम'चं ते सुरुवातीचं रिफ! हे मी आधी कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटतंय, पण आठवत नाही.

डब्लिनकर

फुटबॉल बघता का? १९९० च्या विश्वचषकासाठी आयर्लंडच्या संघाचं जे गाणं निघालं, 'पुट देम अंडर प्रेशर', त्यात हेच रिफ आहे. यू-टूच्या लॅरी मलनने ते गाणं तयार केलं होतं. आणि रिफ मुळात 'ओनीलचा घोडदळ मार्च', ओ रिआडांचा वाद्यवृंदही वाजवत असे ती धून. इथे आजही स्टेडियममध्ये पहिले चार स्वर वाजले की लोक उभे राहतात. घरी कुणी जुने सामने बघत असेल तर तिथूनच कानावर पडलं असणार.

रानजाई

हो! भाऊ बघायचा. आजच त्याला पाठवते, आणि मूळ मार्चही शोधते. तिरकिट, तो ऐकून ठेका सांगाल का?

तिरकिट

दुवा टाका, रात्री रियाझानंतर ऐकून लिहितो.